कॉर्निसचं कोटेशन: फूट नाही, पट्ट्या मोजा

जेऊरमध्ये फर्निचरचं काम सुरू करताय? मग छताखालच्या लाकडी कॉर्निसचं गणित आधी बघा. खोली १० बाय १२, घेर ४४ फूट. पट्टी ८ फुटी असेल तर सहा पट्ट्या जेमतेम पुरतात. कापताना एक बिघडली, तर तेवढ्यासाठी सोलापूरची गाडी पकडणार का? सातवी धराच. म्हणजे कोटेशन ५६ फुटांच्या मालाचं, ४४ च्या नाही.

कोपऱ्याला आधी गुण्या लावा. जुन्या घरात भिंती गुण्यात क्वचितच सापडतात. तिथे दोन्ही टोकं ४५ अंशांत कापली की फट पडते, आणि ती गिऱ्हाईकाला तुमच्याआधी पेंटर दाखवतो! त्यापेक्षा एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या, दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे बारीक करवतीने कोरून तिच्यावर बसवा. वेळ जास्त लागतो, तो मजुरीत धरा. वर पट्टी धरायला दुसरा माणूस लागतो, त्याचीही हजेरी लिहा.