यादीतलं एक पुस्तक तुम्हीही वाचा

जूनमध्ये शाळा सुटता सुटता हायस्कूलच्या मुलांना एक यादी मिळते. हल्ली ती कागदावर कमी आणि शाळेच्या पोर्टलवर जास्त येते. वर ‘समर रीडिंग’, खाली दोन-चार पुस्तकांची नावं, आणि शेवटी सूचना, की शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात यावर वर्गात निबंध लिहायचा आहे. न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात, त्यामुळे भरपूर वेळ आहे असं वाटतं. टेक्सास-जॉर्जियातल्या मंडळींना तेवढीही सवड नसते, तिथे बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या पूर्वार्धातच शाळा सुरू होते.

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात किशोरवयीन मुलांचा विभाग बघते. ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला की आमच्या काउंटरवर आपली माणसं हमखास दिसतात. ख्यालीखुशाली होते, मग आवाज जरा खाली येतो. ‘‘ताई, ते ‘मॉकिंगबर्ड’ आहे का हो? पुढच्या आठवड्यात शाळा आहे.’’ सगळ्या प्रती बाहेर गेलेल्या असतात, होल्डची रांग लांबलेली असते. मागे मुलगा फोनमध्ये मान घालून उभा. सारांश त्याला मिळालेला असतो, पात्रांची यादी मिळालेली असते, मागितला तर चॅटजीपीटी निबंधही लिहून देईल. पण वर्गात पुढ्यात कोरा कागद येतो आणि बाई विचारतात, तुला कुठलं पात्र पटलं नाही आणि का, तेव्हा त्यातलं काही उपयोगी पडत नाही.

या आईवडिलांना मुलांची काळजी नाही असं कोण म्हणेल? एसएटीचा क्लास एप्रिलमध्येच लागलेला असतो. गणिताची पुढच्या वर्षाची उजळणी चालू असते, कोडिंगचा कॅम्प झालेला असतो, भरतनाट्यम आणि टेनिस आहेच. राहतं ते यादीतलं पुस्तक तेवढं. मी कारण विचारते तेव्हा जवळपास सगळे एकच सांगतात. गणित-सायन्स आम्ही घेतो, पण इंग्लिशचं त्याचं तो बघतो, ते आम्हाला काय कळणार? आम्ही इंजिनिअर माणसं, शिकलो मराठी माध्यमात, ही अमेरिकन पुस्तकं आम्ही कधी वाचलीच नाहीत.

मला तुमच्याशी बोलायचंय ते याच उत्तराबद्दल, कारण ते खरं नाही. तुम्ही ही पुस्तकं ओळखता. निदान त्यांच्या शेजारची ओळखता.

आठवून बघा. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी किती जणांनी ‘पाडस’ वाचलं होतं? राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली ती कादंबरी मूळची मार्जोरी किनन रॉलिंग्जची, १९३८ सालची, फ्लोरिडाच्या रानातली. शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’तल्या बहिणी मॅसॅच्युसेट्सच्या. आणि ‘एक होता कार्व्हर’ तर आपल्या पिढीच्या कितीतरी घरांत बक्षीस म्हणून आलेलं असतं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ मध्ये आलं आणि गुलामीत जन्मलेला, शेंगदाण्यावर आणि रताळ्यावर संशोधन करणारा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या घरातलाच झाला. तो ज्या टस्कीगीत शिकवत होता ते अलाबामा राज्यात आहे. १८९६ मध्ये तो तिथे गेला आणि १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० ची. तिचं मेकॉम्ब हे काल्पनिक गावही अलाबामातलंच, आणि काळ १९३० नंतरच्या मंदीचा. म्हणजे ज्या वर्षांत म्हातारा कार्व्हर आपल्या प्रयोगशाळेत काम करत होता, त्याच वर्षांत, त्याच राज्यात टॉम रॉबिन्सन नावाच्या निरपराध काळ्या माणसावर खटला चालतो. तुमच्या मुलीला हे शिक्षिका सांगेलच असं नाही. तुम्ही सांगू शकता. तुमच्याकडे त्या मातीची दुसरी गोष्ट आधीपासून आहे.

म्हणून माझी विनंती आहे, की मुलांच्या यादीतलं एक पुस्तक तुम्हीही वाचा. सगळी नकोत, एकच. आणि त्यांची परीक्षा घेण्यासाठी वाचू नका, स्वतःसाठी वाचा. ‘मॉकिंगबर्ड’ तीनशेच्या आतबाहेरच्या पानांचं आहे, रोज वीस पानं वाचली तर दोन आठवड्यांत संपतं. फिट्झगेराल्डचं १९२५ चं ‘द ग्रेट गॅट्सबी’ आणखी लहान. २०२१ पासून ते इथे प्रताधिकारमुक्त आहे, त्यामुळे फुकट आणि कायदेशीर ई-प्रत मिळते. फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन त्याहूनही आटोपशीर. कामावर जातायेता वेळ असेल तर लायब्ररीच्या कार्डावर लिबी ॲपमधून ऑडिओबुक घ्या. ऐकणं म्हणजे खरं वाचन नव्हे, असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका.

या डग्लसच्या पुस्तकापाशी जरा थांबते. तो गुलाम मुलगा बाल्टिमोरला एका घरी पाठवला जातो. मालकीण त्याला अक्षरं शिकवायला लागते. मालकाला कळतं आणि तो ते बंद पाडतो, कारण शिकलेला गुलाम गुलाम राहणार नाही. मग तो पोरगा खिशात पाव ठेवतो आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकतो. हे वाचताना मराठी माणसाला १८४८ चं पुणं आठवल्याशिवाय कसं राहील? जोतीराव आणि सावित्रीबाई शाळा काढतात, आणि ज्यांना शिकू द्यायचं नव्हतं त्यांना शिकवतात म्हणून लोक त्यांच्यावर उठतात. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अर्पण कुणाला केली? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आपल्या भाषेतल्या या थोर पुस्तकाच्या पहिल्या पानांवर तुमच्या मुलाचा देश आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. ‘मराठी शाळेत चल’ म्हणून दर रविवारी मागे लागण्यापेक्षा याचा परिणाम जास्त होतो, असं मी खात्रीनं सांगते.

मात्र मग पुढचा प्रश्न येणार, आणि त्यासाठी तयार राहा. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये कोर्टात काळी माणसं वर गॅलरीत वेगळी बसतात. ‘‘आई, आपल्याकडे असं होतं?’’ असं मूल विचारतं. आपल्यातले बरेच जण इथे ‘ते खूप जुनं’ म्हणून विषय बदलतात. बदलू नका. चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह झाला तो १९२७ मध्ये, या कादंबरीच्या काळाआधी जेमतेम काही वर्षं. तुमच्या आजोळच्या गावात पाणवठा कुणाचा होता, वाड्याच्या मागच्या दारानं कोण यायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. किंवा मागच्या दारानं येणारे तुमचेच आजोबा असतील, आणि ते तुम्ही घरात कधी बोलला नसाल. दोन्हीपैकी काहीही असो, मुलाला ते तुमच्या तोंडून कळू दे. मूल अकरावी-बारावीचं असेल तर दया पवारांचं ‘बलुतं’ आता इंग्रजीतही आहे, जेरी पिंटोंनी केलेलं. पुस्तक धीट आहे, आधी तुम्ही वाचा, मग त्याच्या हातात द्या.

काही शाळांच्या यादीत झुंपा लाहिरींचं ‘द नेमसेक’ असतं, २००३ सालचं. ते असेल तर तुम्ही तेच घ्या. त्यातल्या बापाचा, अशोकचा, तरुणपणी रेल्वे अपघातात जीव वाचलेला असतो, कारण गोगोलच्या कथांच्या पुस्तकाचं एक पान त्याच्या हातात होतं आणि ते पडताना शोधायला आलेल्यांच्या नजरेस पडलं. म्हणून मुलाचं नाव गोगोल. मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाला तो त्याला गोगोलच्या कथांचं पुस्तक देतो. अपघाताची गोष्ट सांगावी म्हणून खोलीत येतो, आणि न सांगताच निघून जातो. मुलगा पुस्तक उचलून वर फडताळात ठेवून देतो. ते तो वाचायला घेतो तेव्हा बाप हयात नसतो. मी हे प्रकरण आमच्या पालकांच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक गृहस्थ पटकन म्हणाले, ‘‘पुस्तक दिलं ते बरोबर, पण बसायला हवं होतं ना त्यानं तिथे.’’ मलाही हेच म्हणायचंय.

आता बसून करायचं काय? पहिलं म्हणजे ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न आला की मुलं तात्पर्य फेकून मोकळी होतात. त्याऐवजी तुम्हाला न कळलेलं विचारा. खरोखर न कळलेलं. इथल्या शाळेतल्या मुलींचे गट, बेसबॉल, चर्चमधली रविवारची दुपार, या गोष्टी मुलांना तुमच्याहून जास्त माहीत असतात. आमच्याकडे येणाऱ्या एक बाई नववीतल्या मुलीबरोबर ‘मॉकिंगबर्ड’ वाचत होत्या. शाळेनं दोन रकान्यांची वही मागितली होती. डाव्या रकान्यात पुस्तकातलं वाक्य आणि पान क्रमांक, उजव्यात आपली प्रतिक्रिया, अशा दहा-बारा नोंदी. मुलीनं उजवीकडे लिहिलं होतं, ‘ॲटिकस इज अ गुड फादर.’ ॲटिकस म्हणजे टॉमचा खटला लढवणारा वकील आणि गोष्टीतल्या मुलांचा बाप. सगळीकडे साधारण तसंच. आईनं सहज विचारलं, की हा ॲटिकस एवढा चांगला, तर खटल्यात काय होणार हे ठाऊक असताना तो मुलांना आधी नीट समजावून का सांगत नाही? मी असते तर सांगितलं असतं. मुलगी म्हणाली, त्यानं आधी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः काही पाहिलंच नसतं. आई म्हणाली, मला नाही पटत. वाद झाला, भाजी गार झाली. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीत अर्धं पान भरलं होतं आणि ते आईच्या मताविरुद्ध होतं. ती वही मी पाहिली आहे.

वाद होऊ द्या. आणि वादानंतर वही तुम्ही लिहू नका, इंग्रजी दुरुस्त करू नका.

भारतात जाणार असाल तर पुस्तक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. न्यूअर्क ते मुंबई हा प्रवास चांगला लांब आहे. तिथे पोचल्यावर पाहुणे, लग्नं, खरेदी, पोट बिघडणं, सगळं होणार हे धरून चाला. पण जुलैतल्या पावसाच्या दुपारी घरात अडकून पडायला होतं, तेव्हा आजोबांना सांगा की याला विचारा, काय वाचतोयस. आजोबांना इंग्रजी फारसं येत नसेल तर आणखी चांगलं, कारण मग नातवाला गोष्ट मराठीत सांगावी लागते, अडखळत का होईना. गोष्ट सांगता सांगता आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, हे त्याचं त्यालाच कळतं.

एक नाजूक गोष्टही बोलून टाकते. यादीतल्या पुस्तकांत शिव्या असतात, वर्णद्वेषी शब्द असतात, शरीरसंबंधांचे उल्लेख असतात. एखादं पान डोळ्यांपुढे आलं की पालक घाबरतात आणि शिक्षिकेला रागाची ईमेल जाते. पाठवण्याआधी ते प्रकरण पूर्ण वाचा. तरीही मन मानत नसेल तर शांतपणे पर्यायी पुस्तक मागा, पुष्कळ शाळा देतात. पण दुसऱ्यांच्या मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायच्या मोहिमेत आपलं नाव घालू नका. काही राज्यांत अशा मोहिमांमुळे शाळांची कपाटं रिकामी झाली आहेत. तुमच्या गावात तसं असेल तर लक्षात ठेवा, ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी २०२२ पासून देशभरातल्या १३ ते २१ वर्षांच्या मुलांना ई-कार्ड फुकट देते.

आणि हे सगळं वाचताना ऑगस्टची अखेर आली असेल, हातात आठच दिवस असतील, तरी ओरडू नका. ग्रंथालयात प्रत नसली तर आंतर-ग्रंथालय मागणीला आता वेळ नाही, पण कागदी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात चार-पाच डॉलरला मिळते. दोन घ्या. रात्रीच्या जेवणानंतर पाऊण तास फोन दुसऱ्या खोलीत, त्याचा आणि तुमचाही. रोज पस्तीस-चाळीस पानं होतात. रविवारी जास्त. वहीतल्या नोंदींसाठी वाचता वाचताच पेन्सिलीनं समासात खुणा करून ठेवायला सांगा, शेवटी एकदम शोधायला बसलं की रात्र जाते. शेवटची दोन प्रकरणं राहिली तर राहू द्या, पण सारांश बघून ती भरून काढू देऊ नका. शाळेत बाईंना खरं सांगायचं, इथपर्यंत वाचलंय, उरलेलं शनिवारपर्यंत वाचतो. आणि त्या शनिवारी तुम्हीही तुमची प्रत घेऊन बसा.