दुखऱ्या मनगटाने की दाबू नकोस

सातारा,
मंगळवार

चि. मुक्ता,


काल रात्री वहिनीचा फोन आला होता. आधी पावसाचं बोलली, मग भिशीचं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मुक्ता हल्ली डाव्या हाताने जेवते." का गं, म्हटलं, तर म्हणे मनगटाला पट्टा बांधलाय आणि विचारलं की "अभ्यासाने झालंय" म्हणते. वहिनीने ते खरं मानलं. मी कसं मानू? गणपतीत तूच मला माडीवर नेऊन सगळं दाखवलं होतंस: जुन्या माउसच्या डाव्या बटणाच्या पायांना डाग देऊन काढलेल्या दोन तारा, त्या मोर्स-कीला जोडलेल्या, माउस टॅबलेटला लावलेला आणि की दाबली की पडद्यावर उमटणारी अक्षरं. रात्री दीड-दोनपर्यंत तू तिथे बसतेस हे वहिनीला ठाऊक नाही. मला आहे.

खरं सांग, दुखतं नेमकं कुठे? अंगठ्याच्या मुळाशी, की कोपराच्या बाहेरच्या अंगाला? सकाळी उठल्यावर बोटं जड असतात का? पेन धरलं की करंगळी थरथरते का? थरथरत असेल तर हे पत्र पुढे वाचू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा. वाचायला पुष्कळ वेळ आहे.

आज सकाळी दादाकडून तुझ्या टेबलाचा फोटो मागवून घेतला. सनमायक्याच्या गुळगुळीत टेबलावर की नुसती ठेवलेली, तीही अगदी काठाला, म्हणजे कोपर अधांतरी. शेजारी कानात घालायचे ते पांढरे ब्लूटूथचे इयरबड. फोटो बघितला आणि मला तुझं दुखणं कळलं.

तू म्हणशील, ब्लूटूथचा आणि मनगटाचा काय संबंध? तूच हिशेब कर. तुझ्या हॅम रेडिओच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो. त्या वेगात एक ठिपका १५० मिलिसेकंदांचा होतो आणि रेघ त्याच्या तिप्पट. बिनतारी इयरबडमधून आवाज कानात पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि अॅपला सूर काढायला लागतो तो वेळ वेगळाच. म्हणजे ठिपका देऊन तुझं बोट वर आलेलं असतं तरी कानात काही वाजलेलं नसतं. मग हात काय करतो? कानाची वाट बघतो. की नीट दाबली गेली नाही असं वाटून आणखी जोरात दाबतो, आणखी वेळ धरून ठेवतो. तेवढ्यात दोन खुणांमधलं अंतर वाढतं आणि पडद्यावर 'ए'च्या जागी 'ई' आणि 'टी' अशी दोन अक्षरं पडतात. 'क्यू' पाठवावा तर 'जी' आणि 'टी' येतात. तुला वाटतं आपलाच हात कच्चा आहे, म्हणून तू पुन्हा, अजून जोर लावून पाठवतेस. वेग २० शब्दांवर गेला की ठिपका ६० मिलिसेकंदांचा राहतो, मग तर विचारायलाच नको. अशा उशिरा येणाऱ्या सुरावर रात्र-रात्र सराव केला तर मनगट धरणारच, मुक्ता.

आमच्या तार ऑफिसात सूर नव्हताच. साउंडर होता. त्याची पट्टी खाली आपटली की एक कट्ट, सुटली की दुसरा, आणि त्या दोहोंमधल्या अंतरावरून ठिपका की रेघ हे ओळखायचं. पण आवाज बोटाबरोबर यायचा, त्याच क्षणी. ते बोटाला कळतं. टॅबलेटला मी नावं ठेवत नाही. तुम्हा मुलांना घरबसल्या ऐकायचा सराव मिळतो, कुणी चिडत नाही, कुणी हसत नाही, हे किती चांगलं आहे हे मलाच माहीत. पण पाठवताना तुझा स्वतःचा सूर त्या टॅबलेटकडून घेऊ नकोस, एवढंच म्हणते.

तो कीमधूनच काढ. ५५५ची एक आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर, सहाशे-सातशे हर्ट्झचा सूर. तुला हे संध्याकाळचं काम आहे. टॅबलेट शेजारी ठेवून दे, त्याचा माइक ऐकेल आणि अॅप अक्षरं लिहील. कीची तार टॅबलेटला जोडायलाच नको. जोडायचीच असेल तर लिओनार्डोसारखा आर्डुइनोचा बोर्ड घे. तो टॅबलेटला कीबोर्ड म्हणून ओळख देतो, आणि सूर त्याच्याच पिनेवर, तिथल्या तिथे काढता येतो. हेडफोनच्या भोकात तारा घालायचा तो पहिला प्रयोग मात्र पुन्हा करू नकोस. तिथे थोडा वेळ दाबलं की गाणं सुरू होतं आणि जास्त वेळ दाबलं की टॅबलेट "बोला" म्हणून हजर होतो. प्रत्येक रेघेला बिचारा तुझ्याशी बोलायला यायचा, आठवतं ना?

आणि की टेबलाच्या काठावरून हातभर आत सरकव, म्हणजे कोपरापासून हात टेकेल. जाड फळीवर स्क्रूने बसव. सरकणारी की माणूस नकळत आवळून धरतो. स्प्रिंग सैल कर. दोन टोकांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी पुरे. बोटांनी नुसतं धरायचं, हलायचं ते मनगटातून. पण हे सगळं हात बरा झाल्यावर. आत्ता काहीही दाबायचं नाही, माउससुद्धा नाही.

हे दुखणं तुझ्या एकटीचं नाही आणि नवं तर मुळीच नाही. अमेरिकेतले तारवाले त्याला काचेचा हात म्हणायचे. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारवाल्यांच्या हाताचं आखडणं नुकसानभरपाई मिळणाऱ्या रोगांच्या यादीत घातलं गेलं. यादीत रोग यायला किती हात जावे लागले असतील, तू विचार कर. होरेस मार्टिनने १९०४ साली आडव्या हालचालीची की पेटंट केली ती हात वाचावेत म्हणूनच. अंगठ्याने एकीकडे दाबलं की ठिपके आपोआप पडत राहतात, रेघा तेवढ्या हाताने द्यायच्या. तुम्ही आता दोन पाकळ्यांचं पॅडल म्हणता ते त्याच वाटेवरचं. तुला उभ्या कीचा हट्ट आहे, कारण ती माझी आहे. मुक्ता, माझ्यासाठी तो हट्ट धरू नकोस.

माझा हात कसा गेला ते घरात कुणाला धड माहीत नाही. तुझ्या बाबांना वाटतं की मला काउंटर आवडला म्हणून मी बदली मागून घेतली. लग्नसराई होती. शुभेच्छांचे ठरलेले मजकूर असायचे, त्यांचा नुसता आकडा पाठवायचा, तरी नाव-गाव-पत्ता होताच, आणि तारांचे गठ्ठे संपत नव्हते. त्या पाळीत मी एकटी बाई. दंड भरून यायचा, रात्री बोटं मिटायची नाहीत, मी गरम पाण्यात हात धरून बसायची आणि सकाळी पुन्हा जाऊन बसायची. दुखतं म्हटलं तर म्हणतील, बाईला झेपत नाही. एवढ्या एका वाक्याच्या भीतीने मी गप्प राहिले. मग एक दिवस 'एस'चे तीन ठिपके देताना चौथा पडला, आणि पडतच राहिला. 'एस' पाठवायला जावं तर 'एच' जायचा. चुका वाढल्या, हात तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मी काउंटरवर गेले.

काउंटर आणि आतली खोली यांत एक लाकडी पार्टिशन होतं. पावत्या फाडता फाडता मला पलीकडची प्रत्येक तार वाचता यायची. कोण पास झालं, कोण गेलं, कुणाला मुलगी झाली. वाचता यायचं, पाठवता यायचं नाही. वर्षानुवर्षं. २०१३च्या जुलैत तारच बंद झाली, लोक रांगा लावून शेवटच्या तारा करत होते, आणि मला त्या दिवशी तारेपेक्षा हाताचं जास्त वाईट वाटलं. तेव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं तर, असं अजून मनात येतं. म्हणून तुझं ते "अभ्यासाने झालंय" ऐकलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

तू गप्प राहू नकोस. वहिनी रागावेल, टॅबलेट काढून घेईल, अशी भीती वाटते ना? मी बोलते तिच्याशी. कुणी काही काढून घेणार नाही.

आणि मी जास्त कडक लिहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. गणपतीत तू डोळे मिटून माझं नाव पाठवलंस ना, तेव्हा तुझ्या अंतरांत जी लय होती ती शिकवून येत नाही. तुला कान आहे. ज्याला कान आहे त्याचं मोर्स काही आठवडे हात थांबवल्याने कुठे जात नाही. अगं, टॅनिया फिनलेसन म्हणून एक बाई आहेत. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. डोक्याजवळ लावलेल्या बटणांनी त्या मोर्स देतात आणि त्यावरून यंत्र बोलतं. २०१८ साली गूगलच्या फोनवरच्या कीबोर्डात मोर्स आलं त्या कामात त्या होत्या. तेव्हा मोर्स मनगटातच राहतं असं काही नाही.

परीक्षा पुढच्या खेपेला दे. फॉर्मचे पैसे गेले तर जाऊ देत.

तोवर आपण असं करू. रोज रात्री नऊला मी फोन करीन आणि तोंडाने पाठवीन, डा-डि-डा, डा-डा. तू हात मांडीवर ठेवायचे, कागदसुद्धा घ्यायचा नाही, नुसतं ऐकून अक्षर सांगायचं. 'के' आणि 'एम'पासून सुरू करू. दहातली नऊ बरोबर आली की तिसरं अक्षर. अक्षर पूर्ण वेगात म्हणीन, मधली जागा मोठी ठेवीन, म्हणजे ठिपके मोजायची सवय लागणार नाही. मला दम लागला तर थोडं थांबू. तुला कंटाळा आला तर तसं सांग, मग नुसत्या गप्पा मारू.

डॉक्टरांची फी दादाकडे मागू नकोस, तुझ्या खात्यावर पैसे टाकले आहेत. गुरुवारी संध्याकाळी जाऊन ये आणि ते काय म्हणाले ते मला आधी कळव, वहिनीला मी सांगते. उत्तर हाताने लिहू नकोस, फोनवर बोल.

तुझी,
आत्या