अम्लपित्त, रिफ्लक्स आणि बंद केलेली गोळी

अम्लपित्ताचा जो रुग्ण आज वैद्याकडे येतो, त्याची पाटी सहसा कोरी नसते. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घेत असतो. ती कोणी व किती दिवसांसाठी लिहून दिली होती, याचे त्यालाही पुरते स्मरण नसते. त्याची मागणी मात्र एकच असते, "वैद्यराज, ही गोळी तेवढी सोडवा." या मागणीला 'उद्यापासून बंद करा' असे तत्काळ उत्तर देण्याची प्रथा आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. तिचा पुनर्विचार करणे अगत्याचे आहे, असे आमचे मत आहे. गोळी थांबवल्यावर शरीरात काय घडते, यावर गेल्या दोन दशकांत जे संशोधन झाले, ते आधुनिक वैद्यकाइतकेच आपल्याही चिकित्सेच्या यशापयशाशी निगडित आहे.

नावांचा घोळ

प्रथम हे स्पष्ट करू की अम्लपित्त आणि आधुनिकांचा गॅस्ट्रो-इसोफॅजिअल रिफ्लक्स डिसीज, म्हणजे जीईआरडी, हे पर्यायशब्द नव्हेत. चरक-सुश्रुतांनी अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय दिलेला नाही. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात त्याचे सविस्तर वर्णन येते आणि माधवनिदानात ऊर्ध्वग व अधोग असे त्याचे भेद सांगितले आहेत. (काश्यपांनी हा रोग अनूप देशात विशेषत्वाने होतो असे सांगून, औषधांनी न शमल्यास देशांतराचाही उपाय सुचवला आहे. कोकणातील वैद्यांनी हे निरीक्षण आपल्या रुग्णांशी जरूर ताडून पाहावे.) अन्न न पचणे, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छाती व घशात दाह, अरुची या लक्षणसमूहात आधुनिकांचे डिस्पेप्सिया, जठरशोथ, व्रण आणि रिफ्लक्स हे सारेच कमीअधिक प्रमाणात सामावते. रिफ्लक्स त्यातील एक अंश होय, आणि तोही मुख्यत्वे ऊर्ध्वग प्रकारातला.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या माँट्रियल व्याख्येनुसार जठरातील द्रव्य वर येऊन त्रासदायक लक्षणे अथवा उपद्रव निर्माण करील तर त्यास जीईआरडी म्हणावे. या व्याख्येत 'आम्ल वाढले' असा शब्दप्रयोग नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. बहुसंख्य रुग्णांत आम्लाचा स्राव प्राकृत प्रमाणातच असतो. दोष आहे तो स्थानाचा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळण्याची क्रिया नसतानाही काही सेकंद आपोआप सैल पडते आणि बहुतेक रिफ्लक्स याच क्षणी घडतो, हे डॉड्स, डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले. पुढे २००१ मध्ये ग्लासगो येथील संशोधकांनी जेवणानंतर अन्नावर तरंगणारा, अन्नात न मिसळलेला आम्लाचा थर झडपेलगतच साचतो, असे दाखवले. जेवणाने आम्ल सौम्य होत असूनही जेवणानंतरच जळजळ का होते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. स्रोतोदुष्टीच्या चार प्रकारांपैकी विमार्गगमनाचे स्मरण येथे कोणाही वैद्यास होईल. ते योग्यच आहे. मात्र त्यावरून 'आधुनिक शास्त्राने आमचे पित्त सिद्ध केले' अशी आरोळी ठोकू नये. साम्य विचाराला दिशा देते. ते पुरावा ठरत नाही.

निदानाच्या बाबतीतही आता अधिक काटेकोरपणा आला आहे. २०१८ च्या लिऑन मतैक्यानुसार आणि त्याच्या नंतरच्या सुधारित आवृत्तीनुसार, अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा काळ चोवीस तासांच्या ६ टक्क्यांहून अधिक असल्यास रिफ्लक्स निश्चित आणि ४ टक्क्यांहून कमी असल्यास प्राकृत मानला जातो. केवळ छातीतील जळजळीवरून रोग ठरवण्याचे दिवस तिकडेही सरले आहेत.

गोळी थांबल्यावर

प्राझोल गटातील औषधे जठराच्या भित्तीपेशींतील आम्ल बाहेर टाकणारा पंप बंद करतात. आम्ल घटले की शरीर स्वस्थ बसत नाही. गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते, त्याच्या प्रेरणेने हिस्टामिन स्रवणाऱ्या पेशी वाढतात आणि आम्लनिर्मितीची क्षमता आतल्या आत वाढत जाते. गोळी चालू असेतो हे झाकलेले राहते. गोळी थांबली की ही वाढलेली क्षमता मोकळी सुटते आणि पूर्वी होते त्याहूनही अधिक आम्ल स्रवू लागते.

हे निव्वळ तर्काने सांगितलेले नाही. २००९ साली कोपनहेगन येथील रायमर आणि सहकाऱ्यांनी १२० निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग केला. निम्म्यांना ८ आठवडे एसोमेप्राझोल ४० मि.ग्रॅ. व नंतर ४ आठवडे कूटगोळी दिली. उरलेल्यांना बाराही आठवडे कूटगोळीच दिली. नवव्या ते बाराव्या आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के जणांना जळजळ, आंबट पाणी वर येणे किंवा अपचनाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. या मंडळींना मुळात कोणताही पोटाचा विकार नव्हता. दोन महिन्यांच्या गोळीने, ती थांबवताच, निरोगी माणसांत लक्षणे उत्पन्न केली!

आता हीच घटना आपल्या चिकित्सालयात मांडून पाहू. वैद्याने पहिल्याच दिवशी गोळी बंद केली आणि कामदुधा व अविपत्तिकर सुरू केले. चार दिवसांत रुग्णाची छाती पेटते. रुग्ण म्हणतो, आयुर्वेदाचा गुण नाही. वैद्य म्हणतो, व्याधी बलवान आहे. वस्तुतः दोघेही चुकतात, कारण ही जळजळ बहुतांशी थांबवलेल्या गोळीची प्रतिक्रिया असते. याची दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. तीन-चार आठवड्यांनी ती प्रतिक्रिया आपोआप ओसरू लागते, आणि तोवर टिकून राहिलेल्या रुग्णाचे बरे होणे आपण आपल्या कल्पाच्या खात्यावर जमा करतो. अशा नोंदींवर उभारलेले यशाचे आकडे परीक्षेला टिकत नाहीत. म्हणून रुग्णपत्रिकेत गोळीचे नाव, मात्रा, कालावधी आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख लिहिणे आम्ही अनिवार्य मानतो.

मग गोळी सोडवावी कशी? अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२२ मध्ये याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. हळूहळू कमी करणे किंवा एकदम थांबवणे, दोन्ही मार्ग त्यात मान्य आहेत. मात्र तात्पुरत्या उसळीची पूर्वकल्पना रुग्णास द्यावी असे म्हटले आहे. आमचा कल पहिल्या मार्गाकडे आहे. आपली चिकित्सा प्रथम सुरू करावी, अग्नी व मलप्रवृत्ती सुधारू द्यावी, त्यानंतर मूळ डॉक्टरांच्या संमतीने मात्रा निम्मी, मग दिवसाआड, असे उतरावे. याच मार्गदर्शनात ज्यांची गोळी थांबवू नये असे रुग्णही सांगितले आहेत. अन्ननलिकेचा तीव्र व्रणशोथ होऊन गेलेले, बॅरेट विकृती असलेले आणि जठरांत्रातून रक्तस्रावाचा धोका अधिक असलेले रुग्ण त्यांत येतात. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल एकत्र घेणारा हृद्रोगी वृद्ध या शेवटच्या वर्गात मोडतो. त्याची गोळी 'ॲसिडिटीची साधी गोळी' समजून बंद करणे हे प्राणावर बेतू शकते.

गोळी सोडवण्यासाठी भीतीचा वापर करू नये, हेही येथेच सांगतो. या औषधांनी मूत्रपिंडे निकामी होतात, स्मृतिभ्रंश होतो, हाडे मोडतात, असे निष्कर्ष निरीक्षणात्मक अभ्यासांतून निघाले आणि आपल्यापैकी अनेकांनी ते फलकांवरही लावले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कंपास चाचणीत १७,५९८ रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा कूटगोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले गेले. आंत्रसंसर्ग तेवढा थोडा अधिक आढळला (१.४ टक्के विरुद्ध १ टक्का), बाकीच्या उपद्रवांत फरक दिसला नाही. तीन वर्षे म्हणजे आयुष्य नव्हे, हे खरे. तथापि निष्कारण चालू असलेले औषध बंद करण्यास ते निष्कारण आहे एवढे कारण पुरेसे असते.

औषधसेवनकाल

२०१९ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पेच्लर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीने गुण येत नाही म्हणून पाठवलेले ३६६ रुग्ण त्यात घेतले होते. त्यांना प्रथम दोन आठवडे ओमेप्राझोल जेवणापूर्वी काटेकोरपणे घ्यायला लावले. एवढ्यानेच ४२ जणांना आराम पडला! औषध तेच, बदलला तो काल. प्राग्भक्त आणि अधोभक्त यांतील भेद शिकलेल्या वैद्यास यात नवल वाटू नये. पण आपण रुग्णाला ही गोळी तो केव्हा घेतो असे किती वेळा विचारतो? पुढील तपासण्यांत ९९ जणांना रिफ्लक्स नसून 'फंक्शनल हार्टबर्न' असल्याचे निघाले. आम्ल प्राकृत, अन्ननलिका निर्व्रण, आणि तरीही दाह. चिंता, क्रोध, निद्रानाश यांची विचारपूस अशा रुग्णांत जिव्हातपासणीइतकीच महत्त्वाची ठरते. अखेर ज्यांचा रिफ्लक्स सिद्ध झाला त्या ७८ जणांत शस्त्रकर्माने ६७ टक्के, तर औषधांनी २८ टक्के रुग्णांना यश आले. निवडक रुग्णांत शस्त्रकर्माचा मार्ग सुचवण्यात वैद्याला कमीपणा नाही.

आपल्या कल्पांकडे त्याच दृष्टीने

अविपत्तिकर चूर्णाचा पाठ पुन्हा मोजून पाहावा. त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, बिडलवण, विडंग, एला व पत्र मिळून ११ भाग, लवंग ११, निशोत्तर ४४ आणि खडीसाखर ६६ भाग. म्हणजे निम्मे चूर्ण साखर आणि एक तृतीयांश विरेचक. सहा ग्रॅमच्या मात्रेत ३ ग्रॅम साखर व २ ग्रॅम निशोत्तर जाते. पित्तशमनार्थ काही दिवस द्यायचा हा उत्कृष्ट कल्प आहे. मधुमेही रुग्णास किंवा कृश वृद्धास सहा महिने 'चालू ठेवा' म्हणून द्यायचा नव्हे.

ज्येष्ठमधाची गोष्ट अधिक बोधक आहे. १९४६ साली रेव्हर्स या डच वैद्यकाने जठरव्रणावर त्याचा गुण नोंदवला आणि त्याच वेळी रुग्णांना सूज येते हेही लिहून ठेवले. १९६० च्या दशकात त्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघाले आणि व्रणावर वापरलेही गेले. सूज, वाढता रक्तदाब आणि घटलेले पोटॅशियम ही त्याची किंमत होती. युरोपीय तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ग्लिसिरायझिनची दैनिक मर्यादा १०० मि.ग्रॅ. सुचवली. मुळात ४ टक्के ग्लिसिरायझिन धरले तर ही मर्यादा अडीच ग्रॅम चूर्णातच गाठली जाते. रक्तदाबाचा किंवा मूत्रल गोळ्या घेणारा रुग्ण असेल तर ज्येष्ठमध दीर्घकाळ देताना रक्तदाब मोजत राहावे.

शंख, कपर्दिक, शौक्तिक, प्रवाळ हे सारे मुख्यत्वे कॅल्शियमचे कल्प होत. आम्लाचे उदासीनीकरण ते निश्चित करतात. परंतु थायरॉईडची गोळी घेणाऱ्या रुग्णास ते त्याच वेळी दिल्यास गोळीचे शोषण घटण्याची शक्यता असते. किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सूतशेखरात धत्तूरबीज आहे, आणि धत्तुराच्या वर्गातील द्रव्ये जठर रिकामे होण्याची गती मंदावतात. ज्या रुग्णाचे मुख्य गाऱ्हाणे 'अन्न तासन्‌तास वरच राहते' असे असेल, तेथे सूतशेखर देण्यापूर्वी थोडे थांबून विचार करावा.

आवळ्यावर २०१८ मध्ये इराणमध्ये एक कूटनियंत्रित चाचणी झाली. रिफ्लक्सची लक्षणे असूनही अन्ननलिका निर्व्रण असलेल्या ६८ रुग्णांत चार आठवड्यांनी जळजळ व आंबट पाणी यांची वारंवारता घटली. अभ्यास लहान व अल्पकालीन आहे आणि निष्कर्ष लक्षणांच्या नोंदींवर आधारलेला आहे. तरीही आम्ल रसाचे फळ अम्लपित्तात कसे, असा आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर देताना तो हाताशी असावा.

विहाराविषयी थोडेच लिहितो, कारण वाचक ते जाणतात. वजन घटल्याने लक्षणे घटतात, हे नॉर्वेतील हंट या मोठ्या लोकसंख्या-अभ्यासात २०१३ साली प्रमाणशीर दिसले. ॲमस्टरडॅममधील २०२२ च्या एका अभ्यासात रात्री डाव्या कुशीवर असताना अन्ननलिकेतील आम्ल सरासरी ३५ सेकंदांत निघून गेले. उताण्यास ७६ आणि उजव्या कुशीस ९० सेकंद लागले. आपली वामकुक्षी कुशीच्या बाबतीत बरोबर निघाली. जेवल्याबरोबर आडवे होण्याचा दोष मात्र त्यामुळे माफ होत नाही.

औषधालयाच्या टेबलावर

रोगी वैद्याकडे येण्यापूर्वी औषधालयात येतो. रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए हे कर्कजनक सापडल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले गेले. तेव्हा अनेक ग्राहक खाण्याच्या सोड्याकडे आणि क्षारयुक्त चूर्णांकडे वळले. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७४ मि.ग्रॅ. सोडियम असते. रक्तदाबाच्या किंवा पायांवर सूज असलेल्या ग्राहकाला तो रोज चमचाभर विकणे उचित नव्हे. सूतशेखरासारख्या पारद, वत्सनाभ व धत्तूर असलेल्या कल्पांवर औषध नियमांतील नियम १६१ नुसार वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती वाचून विचारणा करणाऱ्या ग्राहकाला 'ते नुसते छापतात' असे सांगण्याची सवय सोडली पाहिजे.

घास अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल, पांडुता, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही आढळल्यास चूर्ण न देता दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावे. आणि चालल्यावर वाढणारी, घाम सुटणारी, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी छातीतील जळजळ सांगणारा ग्राहक, विशेषतः मधुमेही, टेबलासमोर उभा असेल तर त्याला शंखवटी देऊ नये; त्याला बसवावे, नातेवाइकास बोलवावे आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात तत्काळ पोहोचवावे.