रग्बी खेळू द्या, पण पदवीसकट

‘खेळून पोट भरेल का?’ मुलाने किंवा मुलीने रग्बीचं नाव काढलं की पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारण्याआधी ही रग्बी कुठली, हे समजून घ्यायला हवं.

पंधरा खेळाडूंची रग्बी युनियन १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होती. खेळाचे पैसे घ्यायला बंदी होती. आज फ्रान्समधली ‘टॉप १४’, इंग्लंडची प्रीमियरशिप, जपानची ‘लीग वन’ इथे बरेच खेळाडू पूर्णवेळ पगारावर असतात. मात्र ही नोकरीही पक्की नव्हे. २०२२-२३ मध्ये वर्षभराच्या आत वुस्टर वॉरियर्स, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे इंग्लंडचे तीन नामांकित क्लब पैशाअभावी बंद पडले आणि करार हातात असलेले खेळाडू बेकार झाले.

भारतात पंधरा जणांची व्यावसायिक लीगच नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात जणांची. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे तोच हा प्रकार. लीग पंधरवड्यात आटोपली. उरलेले साडेअकरा महिने घर कशावर चालवायचं, याचं उत्तर खेळाडूकडे हवं.

ते उत्तर काहींनी शोधलं आहे. वेल्सचा जेमी रॉबर्ट्स देशासाठी ९४ कसोटी खेळला आणि खेळता खेळता २०१३ मध्ये डॉक्टर झाला. (मेडिकलला गेलं की खेळ सुटतोच, हे आपल्याकडचं गृहीतक त्याला कुणी सांगितलं नसावं.) पुण्याची वाहबिज भरुचा भारतीय महिला संघाची कर्णधार होती, आणि फिजिओथेरपिस्टही आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बारावीनंतर शिक्षण सोडून रग्बी नको. फिजिओथेरपी, क्रीडाशास्त्र, शारीरिक शिक्षण यांपैकी काही सोबत असेल तर जरूर खेळावं. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचे निकष आणि लागणारी प्रमाणपत्रं जिल्हा क्रीडा कार्यालयात आधीच विचारून घ्या.

अंगकाठीची काळजी नको. दक्षिण आफ्रिकेचा फाफ द क्लर्क पावणेसहा फुटांहूनही बुटका, पण दोन विश्वचषक जिंकलेला.

काळजी करायची ती डोक्याची. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो अंतिम सामना आपल्याला आठवतच नाही, असं तो सांगतो. हाड मोडलं तर प्लास्टर आहे. मेंदूला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांवर तसा इलाज नाही.

तेव्हा क्लबात नाव घालताना फी नंतर विचारा. आधी विचारा, डोक्याला मार लागला तर खेळाडूला बाहेर काढायचा निर्णय कोण घेतं आणि परत केव्हा उतरवतात? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरा क्लब शोधा.