ओठ अर्धंच सांगतात

आईबाबांनो, आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. 'काका'तला क तर आतल्या आतच राहतो. तुमचं कर्णबधिर लेकरू दिवसभर असं अर्धंमुर्धं वाचतं, उरलेलं अंदाजानं भरतं आणि संध्याकाळी दमून जातं. मग आपण म्हणतो, "लक्षच देत नाही!"

ओष्ठवाचन कामाचं आहेच, पण त्यासाठी आधी आपण बदलायचं. लेकराच्या समोर, तीन-चार फुटांवर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा. दाराकडे पाठ केली की चेहरा अंधारात जातो. बाबा, ओठांवर आलेल्या मिशा कातरा आणि तंबाखू तोंडात धरून बोलू नका. ओरडलं किंवा अक्षरं ताणली की ओठांचा आकार बिघडतो. नेहमीसारखंच, जरा सावकाश बोला. नुसतं "दे" म्हणण्यापेक्षा "पाण्याचा तांब्या दे" लवकर कळतं. औंढ्याला दर्शनाला निघालात तर आधी तसं सांगा. विषय ठाऊक असला की पुढचं ओळखता येतं. "समजलं का?" विचारलं की लेकरू नुसतीच मान डोलावतं. त्याऐवजी "कुठं जायचंय?" असं विचारा.

श्रवणयंत्र असेल तर रोज लावा. त्यातून येणारा थोडा आवाजही प, ब, म यांतला फरक ओळखायला मदत करतो. मूल लहान असेल आणि त्याच्या ऐकण्याबद्दल शंका असेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. वाट बघत बसू नका.

आणि खुणांना भिऊ नका. "खुणा केल्या तर पोरगं बोलायचं नाही," असं सांगणारे भेटतील. ही भीती जुनी आहे. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेनं बोलण्यावरच भर द्यायचा ठराव केला आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा मागे पडली. आपल्याकडे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शिक्षणात तिला जागा दिली आहे. ओठ, यंत्र, खुणा, लिहिणं: ज्यानं कळेल ते सगळं वापरा.

जेवताना एका वेळी एकानंच बोलावं. सगळे हसले आणि लेकरानं "काय झालं?" म्हणून बघितलं, तर ती गंमत त्यालाही सांगा. "काही नाही रे" हे उत्तर घरातून हद्दपार करा.