टाकी हलली तर? स्कूबाच्या एका पट्ट्यातून धंद्याचा धडा



या आठवड्याचा विषय आहे ‘ग्राहकाला न दिसणारं काम’. व्हिडिओत स्कूबा डायव्हिंगचं उदाहरण थोडक्यात घेतलं होतं, ते इथे नीट समजून घेऊ.

चौसाळ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. पण आपल्या बीड जिल्ह्यातली माणसं सहलीला मालवण-तारकर्लीला जातात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करतात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडचा चांगला पोहणारा मुलगा तिथे शिकून या धंद्यात उतरू शकतो. आणि नाही उतरला, तरी हा धडा त्याच्या दुकानात कामाला येईल.

आधी वस्तू समजून घ्या

पाठीवर हवेची टाकी असते. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत साधारण 11 लिटर जागा आणि भरल्यावर 200 बारच्या आसपास दाब. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. भरलेल्या टाकीचं वजन 17 किलोच्या घरात. म्हणजे आपला 16 लिटरचा फवारणी पंप भरल्यावर पाठीला जेवढा ओझा होतो, जवळपास तेवढंच.

ही टाकी थेट पाठीला बांधत नाहीत. ती बीसीडी नावाच्या जॅकेटला बांधतात. त्या जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस वर तरंगतो, सोडली की खाली जातो. टाकी आणि जॅकेट यांना धरून ठेवतो एक नायलॉनचा पट्टा आणि त्याचं बकल. काही जॅकेटला दोन पट्टे असतात.

तोंडातल्या श्वासाच्या साधनाची नळी टाकीला जोडलेली असते. टाकी खाली सरकली तर नळी ताणली जाते आणि तोंडातलं साधन ओढलं जातं. पोहता न येणारा पर्यटक पाण्याखाली असताना असं झालं तर तो घाबरतो. खरा धोका त्या घाबरण्यात आहे.

पट्टा बांधायची पद्धत

1. पट्टा आधी पाण्यात भिजवा. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं. कोरडा पट्टा किनाऱ्यावर कितीही घट्ट वाटला, तरी पाण्यात सैल पडू शकतो.
2. टाकी उभी धरा आणि जॅकेट वरून सरकवा. व्हॉल्व्हचं हवेचं तोंड जॅकेटच्या बाजूला, म्हणजे डोक्याकडे असावं.
3. उंची बघा. जॅकेटची कॉलर साधारण व्हॉल्व्हच्या पातळीला यावी. टाकी जास्त वर राहिली तर डोकं व्हॉल्व्हला आपटतं.
4. पट्टा टाकीच्या सरळ भागावर बसवा, वरच्या गोलाईवर नको.
5. पट्टा बकलच्या खाचांमधून ठरलेल्या क्रमानेच ओवा. क्रम कंपनीच्या माहितीपुस्तिकेत चित्रासह असतो. तो चुकला तर बकल बंद दिसतं, पण पकड नसते.
6. जोर लावून ओढा आणि बकल बंद करा. सहज बंद झालं तर पट्टा सैल आहे, पुन्हा ओढा.
7. जॅकेट वरच्या हँडलने उचला आणि हलवून बघा. टाकी जराही सरकली तर पुन्हा पहिल्यापासून.
8. काम झालं की टाकी आडवी ठेवा. उभी सोडलेली टाकी पायावर पडते.

हे वाचून कोणी डायव्हर होत नाही. हे काम प्रशिक्षकासमोर हाताने करूनच शिकायचं असतं.

आता धंद्याचं बोलू

पर्यटक पैसे कशाचे देतो? मासे बघायचे, व्हिडिओचे. पट्टा त्याच्या पाठीमागे असतो, तो त्याला दिसतच नाही. दिसला तरी चूक-बरोबर कळणार नाही. म्हणजे तो तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतोय. तिथे तीन गोष्टी लागतात.

पहिली: वापराच्या परिस्थितीत तपासा. पट्टा ओला करून बांधतात, कारण तो वापरला जाणार पाण्यात. फवारणी पंप विकताना रिकामा पंप ग्राहकाच्या पाठीवर देऊन ‘बघा किती हलका’ म्हणू नका. त्यात 16 लिटर साधं पाणी भरा, पट्टे लावा आणि चार पावलं चालायला सांगा. सैल हुक दुकानात निघाला तर दोन मिनिटांचं काम. शेतात निघाला तर औषध शेतकऱ्याच्या अंगावर.

दुसरी: बांधणारा एक, तपासणारा दुसरा. प्रशिक्षित डायव्हर पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचं जॅकेट, वजनं, बकलं आणि हवा तपासतात, मग शेवटची एक नजर टाकतात. नवख्या पर्यटकाला हे जमत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती तपासणी दुसऱ्या जाणकारानेच करायला हवी. आपलंच काम आपण तपासलं की डोळ्याला जे अपेक्षित आहे तेच दिसतं.

तिसरी: गर्दीतही पायऱ्या तेवढ्याच. मालवणला पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे कमाई सुट्ट्या आणि हंगामात करायची असते. रांग लागली की पट्टा हलवून बघायचे दहा सेकंद वाचवावेसे वाटतात. आपल्याकडे पेरणीच्या आणि सणाच्या दिवसांत हेच होतं. रांग मोठी असेल तर एक माणूस वाढवा, नाहीतर ग्राहकाला थांबायला सांगा. पायरी मात्र कमी करू नका.

गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं असं एक काम निवडा, जे ग्राहकाला दिसत नाही पण चुकलं तर त्याला इजा होते. गॅरेजमध्ये चाकाचे नट, मंडपाचे दोर, मोटार दुरुस्तीत अर्थिंग, काहीही. त्याच्या पायऱ्या एका कागदावर लिहा, आठपेक्षा जास्त नकोत. शेवटी दोन सह्यांची जागा ठेवा: करणारा आणि तपासणारा. एकटेच असाल तर काम संपल्यावर चहा घ्या, मग कागद हातात घेऊन पुन्हा तपासा. हा कागद भिंतीवर लावा, ग्राहकालाही वाचता येईल असा.

पुढच्या व्हिडिओत याच कागदावरून नवीन कामगाराला कसं शिकवायचं, ते बघू.