जुनी जावा पुन्हां उभी करतांना

शाळेंत आपण यंत्रांविषयीं जें शिकतों तें बहुधा चित्रांवरून शिकतों. फळ्यावर सिलिंडर काढला, त्यांत दट्ट्या दाखविला, बाजूस दोन बाण काढले, कीं पाठ संपला. परीक्षेंत तेंच चित्र पुन्हां काढून आपण गुण मिळवितों. परंतु तोच दट्ट्या गंजलेल्या स्थितींत प्रत्यक्ष हातीं आला, म्हणजे आपलें ज्ञान किती उथळ होतें हें तत्काळ कळून येतें. गेल्या दीड वर्षांत ठाण्याच्या आमच्या घराच्या मागील पडवींत आम्हांस हा अनुभव आला. तो येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे. पालकांनींही तो वाचावा, कारण त्यांतील कांहीं भाग त्यांच्याच विचाराचा आहे.

आमचे वडील अहिल्यानगर जिल्ह्यांत, ज्यास त्या वेळीं अहमदनगर म्हणत, खेड्यांतील शाळांवर शिक्षक होते. त्यांची मोटारसायकल म्हणजे म्हैसूर येथें तयार झालेली १९६६ सालची जावा. ती त्यांनीं दुसऱ्याच्या हातची घेतली होती. ते वारल्यावर ती एकवीस वर्षें ताडपत्रीखालीं उभी होती. शेवटीं गांवचें घर रिकामें करावें लागलें, तेव्हां ती टेंपोंत घालून आम्हीं ठाण्यास आणली. भंगारवाला तीन वेळां दारीं येऊन गेला. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "विकूं नकोस. पण नुसती झांकूनही ठेवूं नकोस. झांकलेली मीं पुष्कळ वर्षें पाहिली." अकरावींत शिकणारा आमचा मुलगा मात्र हर्षभरित झाला. तिची मागची पाटी कापावी, लांब आसन काढून एकट्याचें ठेंगणें आसन बसवावें, व सर्व गाडी काळ्या रंगानें रंगवावी, असें त्यानें पहिल्याच रात्रीं वहींत रेखाटून ठेविलें. या दोन इच्छांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न आम्हांपुढें पहिल्या दिवसापासून होता.

जावा हें नांव कित्येकांस जावा बेटावरून आलेलें वाटतें. तसें तें नव्हे. चेकोस्लोव्हाकियांत फ्रान्टिशेक यानेचेक या कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकली बांधण्याचा हक्क घेतला, व दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव केलें. आपल्या देशांत रुस्तम व फारुख इराणी यांनीं १९६० सालीं म्हैसुरास आयडियल जावा ही कंपनी काढली, आणि पुढील वर्षापासून गाड्या तेथें बनूं लागल्या. १९७३ च्या सुमारास त्या येझदी या नांवानें निघूं लागल्या, आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. जावा हें नांव २०१८ सालीं पुन्हां बाजारांत आलें खरें, पण त्या गाड्यांचें यंत्र अगदीं निराळें आहे. त्यांचे भाग आमच्या गाडीस लागत नाहींत.

तिची रचना मोठी मौजेची आहे. एकच सिलिंडर, पण धूर बाहेर जाण्यास दोन वाटा व दोन नळ्या. एकच दांडा आंत दाबून फिरविला कीं गाडी सुरू करण्याच्या कामीं येतो, व पुढें पाडला कीं तोच गिअर बदलण्याच्या. गिअर बदलतांना त्याच दांड्याच्या दाबानें क्लचही सुटतो. या यंत्रांत झडपा नाहींत. दट्ट्या, ज्यास मिस्त्री पिस्टन म्हणतात, तोच खालींवर होतांना सिलिंडरच्या भिंतींतील भोकें उघडतो व झांकतो. तो वर जातो तेव्हां त्याच्या खालच्या पेटींत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण ओढलें जातें. खालीं येतो तेव्हां तें दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें वर चढतें, आणि जळलेला वायु बाहेर लोटतें. अशा रीतीनें आंसाच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो. बुलेटसारख्या चौघाती यंत्रांत तो दोन फेऱ्यांस एकदां होतो. पेट्रोल त्या खालच्या पेटींतूनच जात असल्यामुळें तेथें निराळें तेल ठेवतां येत नाहीं, म्हणून तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. आम्ही एक लिटरास चाळीस मिलीलिटर घालतों, म्हणजे पंचवीस भागांस एक भाग. तेल विसरला तो पिस्टन गमावून बसला असें समजावें.

आतां थोडें गणित. सिलिंडरचा व्यास ६५ मिलीमीटर व दट्ट्याची धांव ७५ मिलीमीटर. त्रिज्येचा वर्ग करून त्यास पायनें व मग धांवेनें गुणिलें असतां सुमारें २४८.९ घनसेंटिमीटर येतात. या गाडीस अडीचशेची म्हणतात तें यामुळें. सिलिंडर झिजल्यावर तो लेथवर अर्धा मिलीमीटर मोठा कोरून घेतला, तर व्यास ६५.५ होतो. आतां घनफळ किती झालें? आमच्या मुलानें तोंडीं उत्तर दिलें तें चुकलें. तुम्ही कागदावर करून पाहा. २५२.७ आलें तर बरोबर.

यंत्र सोडविण्याचें काम आम्ही वाटलें होतें त्याहून हळू झालें. पिस्टन सिलिंडरांत घट्ट धरला गेला होता. अशा वेळीं दांड्यावर पाय मारून तो सोडविण्याचा मोह होतो. पण तसें केल्यास कड्या मोडतात. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल ओतून ठेविलें, आणि आठ दिवस कोणी हात लावला नाहीं. नवव्या दिवशीं लांकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यानें तो केसभर सरकला, तेव्हां पडवींत जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता. प्रत्येक भाग निघतांच त्याचें छायाचित्र घ्यावें, व त्याचे स्क्रू व बोल्ट आगपेटींत घालून वर नांव लिहावें. जावाचे आटे मेट्रिक असल्यामुळें साधे पाने चालतात. जुन्या बुलेटवाल्यांस इंग्रजी मापाचे पाने शोधीत हिंडावें लागतें, त्या मानानें आम्ही सुखी.

पेट्रोलची टांकी आंतून गंजली होती. तींत मूठभर लहान नट व शिरका घालून दोन दिवस मधूनमधून हालविली, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुऊन उन्हांत वाळविली. टांकी रिकामी दिसली तरी तींत पेट्रोलची वाफ राहते, आणि अशा टांकीस डाग लावतांना स्फोट होऊन माणसें दगावतात, हें ध्यानांत ठेवावें. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

येथें आमच्या हातून जी चूक झाली ती सांगणें भाग आहे. आसनाखालच्या हत्यारपेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस वडिलांनीं तांबड्या तैलरंगानें नोंदी केल्या होत्या. यंत्र केव्हां उघडलें, काजळी केव्हां काढली, तेव्हां मैल किती झाले होते, अशा बारीक अक्षरांत वीस-बावीस ओळी. आम्हीं त्या एकदां पाहिल्या होत्या, व पुढें निवांतपणें उतरून घेऊं म्हणून ठेविल्या होत्या. छायाचित्रें सर्व भागांचीं घेतलीं, पण त्या दिवशीं झांकण बंद होतें, म्हणून आंतल्या बाजूचें घेतलें नाहीं. रंगकामास पत्र्याचे भाग एका कारखान्यांत दिले, त्यांत तें झांकणही गेलें. तेथील माणसांनीं आपलें काम चोख केलें. वाळूच्या फवाऱ्यानें प्रत्येक भाग दोन्ही बाजूंनीं धातूपर्यंत साफ केला. झांकण परत आलें तें आरशासारखें. त्यांचा कांहींच दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलें नव्हतें.

मातोश्रींस हें सांगण्यास आम्हांस दोन दिवस लागले. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तुझ्या जन्माची ओळ होती, ती वाचली होतीस का?" आम्हीं वाचली नव्हती. त्यांनीं सांगितलें कीं, दवाखान्यांतून त्यांस व आम्हांस बैलगाडींतून घरीं पोंचविल्यावर वडिलांनीं परत जाऊन गाडीचा प्लग बदलला, आणि त्या तारखेपुढें प्लग बदलला एवढेंच लिहिलें. "बाकी कांहीं लिहिलें नाहीं. पण तारीख तीच," असें त्या म्हणाल्या, आणि त्यांस हंसूं आलें.

सिलिंडर व आंसाचें काम घरीं होण्यासारखें नव्हतें. तें आम्हीं वागळे इस्टेटींत नेलें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, व वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तेथील पुष्कळ जुने कारखाने उठून त्या जागीं कचेऱ्या झाल्या आहेत. तथापि गल्ल्यांतून अजून लेथचा आवाज येतो. एका वयस्क टर्नरनें आमचा सिलिंडर हातीं घेतला, अंगठा आंत फिरविला, व विचारलें, "पिस्टन कोठें आहे?" पुण्याच्या नाना पेठेंतून तो यावयाचा आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं सिलिंडर परत दिला. "मास्तर, आधीं पिस्टन आणा. पिस्टन मोजून मग मी कोरीन. पिस्टनवर छापलेला आंकडा व खरा आंकडा एक असतोच असें नाहीं." पदवीधर असूनही ही साधी गोष्ट आमच्या लक्षांत आली नव्हती. पिस्टन मिळण्यास सात आठवडे गेले.

दिव्यांच्या तारा मुलानें एकट्यानें बदलल्या. ही गाडी सहा व्होल्टची आहे. पस्तीस वॉटच्या दिव्यास सहा व्होल्टांत जवळजवळ सहा अँपिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टांत तीनहूनही कमी. म्हणून येथें तार जाड हवी व जोड स्वच्छ हवेत. जोडावर थोडा गंज चढला तरी दिवा काजव्यासारखा होतो. जुन्या जावांचे दिवे मंद म्हणून लोक हंसतात, पण दोष बहुधा चौकटीस जेथें तार टेकते तेथील गंजाचा असतो.

आतां राहिला कापाकापीचा प्रश्न. मुलाच्या रेखाटनास आम्हीं एकदम नाहीं म्हटलें नाहीं. त्यास म्हटलें, प्रथम कायदा वाच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकानें करूं नये. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हीच गोष्ट पुन्हां स्पष्ट केली. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं निराळे नियम केले. त्यांखालीं नोंदणी करावयाची तर चौकट, सांगाडा व यंत्र यांत मोठा बदल झालेला चालत नाहीं. आणि अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती वगैरे कारणांवांचून रस्त्यावर रोजच्या कामास नेतां येत नाहीं. मातोश्रींस झांकलेली गाडी नको होती, म्हणून आम्हीं साध्या नोंदणीचेंच नूतनीकरण करण्याचें ठरविलें.

मुलगा रुसला. "मग माझें यांत काय?" असें त्यानें विचारलें, आणि प्रश्न रास्त होता, दीड वर्ष हात त्याचेही काळे झाले होते. बराच वाद होऊन आम्हां दोघांत एक करार झाला: जें बोल्टानें बसतें व बोल्टानें निघतें तें त्यानें खुशाल बदलावें, जेथें करवत किंवा डाग लागेल तेथें हात लावूं नये, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदांत गुंडाळून, नांव घालून माळ्यावर ठेवावा. या करारानें त्यानें हँडल ठेंगणें केलें, आरसे बदलले, मागें तेजस्वी तांबडा दिवा लावला. रंग मात्र मूळचा गडद किरमिजीच राहिला. लांब आसनही राहिलें, कारण एकट्याचें आसन लाविल्यास आजीनें कोठें बसावें, याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें.

पालकांस एक गोष्ट सांगून ठेवितों. मुलगा गाडी जोडूं शकतो याचा अर्थ तो ती चालवूं शकतो असा नव्हे. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. आमच्या चिरंजीवांस हें पाठ आहे. तथापि किल्ली आमच्याच खिशांत असते.

गेल्या महिन्यांत एका शनिवारीं सायंकाळीं यंत्र प्रथम सुरू झालें. अकराव्या लाथेस एक फटका आला, तेराव्यास तें दोन क्षण चाललें व बंद पडलें. ठिणगी वेळेवर पडत नव्हती. दट्ट्या शिखरास पोंचण्यापूर्वीं सुमारें तीन मिलीमीटर असतांना ती पडली पाहिजे. आमची उशिरा पडत होती. पुन्हां मोजून बसविल्यावर तें दुसऱ्याच लाथेस लागलें. मातोश्री दारांत येऊन उभ्या राहिल्या, व आवाज थोडा अधिक आहे, पूर्वीं इतका नव्हता, असें त्यांनीं सांगितलें. तें खरें होतें. एका नळींतील जाळी बसवावयाची राहून गेली होती.

हत्यारपेटीचें झांकण अद्याप कोरेंच होतें. मुलानें तांबड्या रंगाची लहान डबी आणली, आणि आजीस जेवढें आठवत होतें तेवढें विचारून तिच्या सांगण्याप्रमाणें लिहिलें. तीन ओळी भरल्या. त्यांखालीं त्यानें स्वतःची एक ओळ घातली: तारीख, आणि प्लग नवा बसविला.

वडिलांच्या नांवची नोंद वारसाच्या नांवें करण्याचा एकतीस क्रमांकाचा नमुना भरून दिला आहे. कागद हातीं आलेले नाहींत, म्हणून गाडी रस्त्यावर गेलेली नाहीं. तोंपर्यंत दर रविवारीं दुपारीं पांच मिनिटें ती पडवीसमोर उभ्या उभ्या चालवितों. शेजारी धुराबद्दल कुरकुर करतात, व ती योग्यच आहे.